विषय: [मंडळ] शनिवार: फ्लॉवर चीजला पाणी सुटतं, काय करायचं? (तातडीचं)

प्रेषक: मृणाल
बुधवार, रात्री 9:12

नमस्कार मंडळी,

मसालेभात सुलभामावशींकडे, मठ्ठा शिरीषकडे. हे ठरलंय, त्यावर आता नव्याने चर्चा नको. प्रश्न फक्त फ्लॉवर चीजचा (चीजच्या व्हाइट सॉसमध्ये बेक केलेल्या फ्लॉवरचा). चर्चवाल्या इंग्रज शेजाऱ्यांना धरून 60 पानं होतील. गेल्या ख्रिसमसला ट्रेच्या तळाशी जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. वर छान सोनेरी साय आणि डाव घातला की खाली पांढरं पाणी. समोरची मंडळी सभ्य म्हणून काही बोलली नाहीत, पण रविवारच्या रोस्टबरोबर ते लोक लहानपणापासून हे खातात. त्यांच्याच पदार्थात त्यांना पाणी वाढायचं म्हणजे जरा जास्तच.

ज्यांना खरंच जमतं त्यांनीच लिहा. यूट्यूबच्या लिंका नकोत.

मृणाल

---

प्रेषक: हेमंत
बुधवार, रात्री 9:40

सोप्पं आहे. सॉस पातळ राहिला असणार. शेवटी थोडं कॉर्नफ्लॉवर दुधात कालवून लावायचं. आमच्या घरी नेहमी तसंच करतात, कधी प्रॉब्लेम आला नाही.

हेमंत

---

प्रेषक: अनघा
बुधवार, रात्री 11:05

हेमंत, घरी चौघांसाठी केलं की ते ओव्हनमधून थेट पानात जातं, पाणी सुटायला वेळच मिळत नाही. हॉलमध्ये ट्रे तासभर झाकून ठेवतात. खरी गोची तिथे आहे.

मी शाळेच्या किचनमध्ये हे दर आठवड्याला करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाणी सॉसचं नसतं, फ्लॉवरचं असतं. फ्लॉवरमध्ये साधारण 92 टक्के पाणी. म्हणजे पानं-दांडा काढून 700 ग्रॅम तुरे उरले तर त्यात 640 मिलीच्या आसपास पाणीच आहे. शिवाय उकळलेल्या तुऱ्यांच्या बोंडांत उकळीचं पाणी अडकून राहतं. चाळणीत पाच मिनिटं ठेवून ते निघत नाही. मग सॉसखाली तुरे गरम व्हायला लागले की ते सगळं बाहेर येतं. त्यात कितीही कॉर्नफ्लॉवर घाला, वरचा सॉस खळीसारखा होईल आणि खालचं पाणी खालीच राहील.

म्हणून उकळायचं नाही, भाजायचं. तुरे दोन घासांत संपतील एवढे. धुतले असतील तर कपड्यावर पसरून अगदी कोरडे करा. थोडं तेल चोळून ट्रेमध्ये एकेरी थरात, फॅन ओव्हन 180, साधा असेल तर 200, वीस-पंचवीस मिनिटं. कडा किंचित तपकिरी झाल्या पाहिजेत आणि सुरी टोचल्यावर थोडा विरोध व्हायला हवा. दाटी केलीत तर ते भाजत नाहीत, स्वतःच्या वाफेत शिजतात, मग आपण होतो तिथेच. या टप्प्याला मीठ नको, मीठ सॉसमध्ये. भाजण्याचा दुसरा फायदा म्हणजे जास्त उकळलेल्या फ्लॉवरचा तो वास येत नाही. फ्लॉवरमध्ये गंधकाची संयुगं असतात, जितका वेळ उकळाल तितका हॉल दरवळेल.

सॉसचं प्रमाण: एक लिटर दुधाला 100 ग्रॅम लोणी, 100 ग्रॅम मैदा. 60 जणांना साइड डिश म्हणून 12 मध्यम फ्लॉवर, 6 लिटर दूध (फुल फॅट), 600-600 ग्रॅम लोणी-मैदा, दीड ते पावणेदोन किलो मॅच्युअर (मुरलेलं) चेडर चीज. माइल्ड चेडर घेऊ नका, चव यायला दुप्पट लागतं आणि मग सगळं तेलकट होतं. लोण्यावर मैदा मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता. कच्चा वास गेला पाहिजे, पण रंग बदलता कामा नये. दूध कोमट करून थोडं थोडं घालायचं. एक कढ आल्यावर आणखी पाचेक मिनिटं मंद शिजवा, नाहीतर मैद्याची खर जिभेला लागते. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली की झालं.

आता महत्त्वाचं. गॅस बंद करून मग चीज. मूठमूठ घालत ढवळायचं आणि त्यानंतर उकळी अजिबात येऊ द्यायची नाही. चीज जास्त तापलं की त्यातली प्रथिनं आवळतात, तेल वेगळं होतं आणि सॉस रवाळ होतो. चीज आयत्या वेळी घरी किसा. पिशवीतलं किसलेलं चीज चिकटू नये म्हणून त्याला बटाट्याचा स्टार्च वगैरे लावलेला असतो, ते तितकं गुळगुळीत वितळत नाही. शेवटी इंग्लिश मस्टर्ड, लिटरला एक चमचा, आणि जायफळ किसून.

अनघा

---

प्रेषक: प्रकाशकाका
गुरुवार, सकाळी 6:20

चि. अनघा, माहिती उत्तम. एक पुस्ती जोडतो. फ्लॉवर ही आपल्याकडची भाजीच नव्हे. 1822 साली डॉ. जेम्सन यांनी इंग्लंडहून बी नेलं आणि सहारनपूरच्या कंपनी बागेत ते लावलं गेलं. तिथून पुढे उकाड्यात टिकणाऱ्या देशी जाती तयार झाल्या. आपण तिकडे मटार-फ्लॉवर म्हणून खातो ती या पाहुणीची नातवंडं. त्यामुळे शेजाऱ्यांना आपण त्यांचंच परत वाढतोय, संकोच कसला?

इथला हिवाळ्यातला फ्लॉवर बराचसा कॉर्नवॉलचा असतो. गड्डा घट्ट आणि जड बघून घ्यावा. बोंडं मोकळी झालेली, पिवळट पडलेली घेऊ नये.

जायफळ मात्र श्रीखंडात आणि पुरणातच बरं वाटतं असं माझं मत.

प्रकाश

---

प्रेषक: नीलिमा
गुरुवार, सकाळी 8:02

जायफळाचं राहू द्या काका. चीज कुठलं ते आधी सांगा. मागे कुणीतरी वर पार्मेझान भुरभुरलं होतं आणि टेबलावर पाटी "शाकाहारी". खऱ्या पार्मेझानला वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) लागतं, त्यांच्या नियमातच तसं आहे. ग्राना पादानो या तशाच चीजचंही तेच. आमच्या सासूबाई दोन वाट्या खाऊन मोकळ्या झाल्या, नंतर कळल्यावर घरात काय झालं ते इथे लिहीत नाही.

इथलं बरंचसं चेडर शाकाहारी रेनेटचं मिळतं, पण पाकिटावर तसं लिहिलेलं बघून घ्या. पाकिटं फेकू नका, मी येऊन तपासणार आहे.

नीलिमा

---

प्रेषक: किशोर (हॉल)
गुरुवार, सकाळी 8:47

सर्वांना विनंती. मेनू भोजन समिती ठरवते आणि किचन मी बघतो, हे सप्टेंबरच्या बैठकीत ठरलेलं आहे. 12 फ्लॉवर हॉलच्या ओव्हनमध्ये भाजणार कसे? ओव्हन एक, त्यात मोठे ट्रे जेमतेम चार, आणि खालच्या कप्प्यात आच पोचत नाही. आपल्याला किल्ली 10 वाजता मिळते, जेवण 1 ला. एकेरी थर म्हणजे नुसत्या भाजण्याच्या तीन-चार फेऱ्या. शिवाय त्याच ओव्हनमध्ये शेजाऱ्यांचे बटाटे आहेत. त्यांना मी शब्द दिलाय.

तसंच मोहरी, दूध आणि (मैद्यातलं) ग्लूटेन तिन्ही इथल्या नियमाने सांगाव्या लागणाऱ्या 14 अ‍ॅलर्जन्समध्ये येतात. चिठ्ठी लावल्याशिवाय ट्रे टेबलावर जाणार नाही.

किशोर

---

प्रेषक: सुलभामावशी
गुरुवार, सकाळी 10:30

एवढा खटाटोप कशाला गं पोरींनो. आम्ही पुण्याला बेक डिश करायचो ती अमूल चीज घालून. खळाखळा उकळली तरी फाटायची नाही. दोन डबे घ्या, इंडियन स्टोअरमध्ये मिळतात. आणि मैद्याऐवजी बेसन लोण्यावर खमंग भाजलं तर? व्हाइट सॉस म्हणजे शेवटी पांढरं पिठलंच, गाठी होऊ द्यायच्या नाहीत एवढंच. वरून हिरवी मिरची, कढीपत्ता.

मसालेभाताला तोंडली कोण आणतंय?

सुलभामावशी

---

प्रेषक: हेमंत
गुरुवार, सकाळी 10:41

मावशींना +1. अमूल बेस्ट.

---

प्रेषक: अनघा
गुरुवार, दुपारी 1:15

मावशी, अमूल फाटत नाही कारण ते प्रोसेस्ड चीज आहे. त्यात इमल्सिफाय करणारे क्षार घातलेले असतात, ते तेल आणि प्रथिनं धरून ठेवतात. म्हणून भीती असेल तर एकूण चीजच्या पाव भाग अमूल घाला, सॉस जास्त माफ करतो. पण सगळं अमूल घातलंत तर चव टोस्ट सँडविचची येईल. चेडरचा तो तिखट-आंबट झणका त्यात नाही.

बेसनाला माझा विरोध नाही, उलट शिरीषच्या मुलीला ग्लूटेन चालत नाही, तिचा ट्रे वेगळा लागणारच आहे. पण तो कॉर्नफ्लॉवरचा करू या (घे हेमंत, तुझं कॉर्नफ्लॉवर कामाला आलं). बेसनात मिरची-कढीपत्ता घातला की तो वेगळा पदार्थ झाला, चांगला होईल, पण संक्रांतीला करू. त्या ट्रेवर ब्रेडचा चुरा नको. तयार बाटलीतल्या मस्टर्डमध्येही पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं, तिथे नुसती मोहरीची पूड वापरा, डबा वाचून.

किशोरदादा, भाजणं हॉलमध्ये नाहीच करायचं. शुक्रवारी रात्री चार घरांत तीन-तीन फ्लॉवर. भाजून झाले की पसरूनच गार करा. गरम असताना डब्यात भरून झाकण लावलं की झाकणाचं पाणी परत फ्लॉवरवर. दीड-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. सॉस शनिवारी सकाळी हॉलच्या शेगडीवर मी करते, ओव्हनला हात लावत नाही. साडेअकरापर्यंत सॉस होईल, पावणेबाराला ट्रे लावायचे. फ्लॉवर आणि सॉस रात्रीच एकत्र करून ठेवू नका.

ओव्हन मला 12 ते 12:45 हवा. बटाटे आधी किंवा नंतर, तुम्ही त्यांच्याशी बोला. मधोमध बुडबुडे आले पाहिजेत, नुसता वरचा रंग बघून काढू नका. आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसेच ठेवा, सॉस आवळतो. फॉइल घट्ट लावली की वाफ परत ट्रेमध्ये पडते, गेल्या वर्षीचं अर्धं पाणी तेच होतं. सैल ठेवा. हॉटप्लेट 63 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, तुमच्या त्या थर्मामीटरने तुम्हीच बघा.

अनघा

---

प्रेषक: किशोर (हॉल)
गुरुवार, दुपारी 2:03

12 ते 12:40. बटाट्यांचं बोललो, ते घरून अर्धे भाजून आणतील. पाच मिनिटं मला ट्रे आत-बाहेर करायला लागतात. खालच्या कप्प्यातला ट्रे मी अर्ध्या वेळाने वर घेणार, कुणी मध्ये दार उघडायचं नाही.

थर्मामीटर मंडळाचा आहे, माझा नाही. नोंदवहीत आहे.

---

प्रेषक: प्रकाशकाका
गुरुवार, दुपारी 3:30

आतली कोवळी पानं आणि दांडा टाकू नका. तुऱ्यांबरोबरच तेल लावून शेवटची दहा मिनिटं भाजा, फार छान कुरकुरीत लागतात. मी तीन फ्लॉवर घेतो. जायफळ माझ्या ट्रेला नको.

प्रकाश

---

प्रेषक: मृणाल
गुरुवार, संध्याकाळी 7:20

काका, सॉस एकच आहे, ट्रेप्रमाणे जायफळ वेगळं करता येणार नाही. घातलं जाईल, बेताचं.

तर भाजायला काका, नीलिमा, हेमंत आणि मी, तीन-तीन. दूध, लोणी, मैदा, कॉर्नफ्लॉवर हेमंत. चीज नीलिमाच आणेल, म्हणजे तपासणीचा प्रश्न मिटला. त्यातलं थोडं चीज आणि ब्रेडचा चुरा वरून घालायला बाजूला ठेवा (चुरा शिरीषच्या मुलीच्या ट्रेवर नको). अ‍ॅलर्जनच्या चिठ्ठ्या किशोरदादा. पावत्या खजिनदारांकडे याच महिन्यात, नंतर त्या सापडत नाहीत.

तोंडलीचं अजून कुणी बोललेलं नाही.

मृणाल

---

प्रेषक: नीलिमा
गुरुवार, संध्याकाळी 7:34

तोंडली मी आणते. आणि माझे दोन निळ्या झाकणांचे काचेचे ट्रे दिवाळीपासून कुणाकडे तरी आहेत. शनिवारी त्यातून फ्लॉवर आला तरी चालेल, पण घरी माझ्याबरोबर जातील.