माणसाचा क्लोन: कायद्याने बंदी हवी की नको?

निवृत्त मास्तर, सांगली
माझं मत आधीच सांगतो. क्लोन करून, म्हणजे एकाच माणसाच्या पेशीपासून त्याच्याच जनुकांची नक्कल असलेलं, माणसाचं मूल जन्माला घालण्यावर आपल्याकडे थेट कायद्याने बंदी यावी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई आहे, पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. देवाच्या कामात ढवळाढवळ वगैरे माझा मुद्दा नाही. डॉली मेंढी १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत जन्मली. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशी घ्यायच्या, केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडाशी विजेच्या झटक्याने जोडायच्या, असं २७७ वेळा जमवलं. त्यातून २९ गर्भ वाढले आणि जिवंत कोकरू एकच. २०१८ मध्ये चीनने माकडांचे क्लोन जाहीर केले, त्यात ७९ गर्भ २१ माद्यांमध्ये ठेवून पिल्लं जन्मली दोन. तीही गर्भातल्या पेशींपासून. प्रौढ माकडाच्या पेशींपासून केलेली दोन जन्मली आणि लगेच गेली. माणसाच्या बाबतीत ही मधली गेलेली, अधू जन्मलेली लेकरं कुणाच्या नावावर मांडायची?

बागायतदार, तासगाव
मास्तर, आमची अख्खी द्राक्षबाग क्लोनच आहे की! डॉगरीज जातीच्या खुंटाला चीर द्यायची, थॉम्पसन द्राक्षाच्या काडीला पाचरीसारखा तास द्यायचा, चिरीत बसवून पट्टी गच्च गुंडाळायची. हजार वेली, सगळ्या एकाच आईच्या. आपला तास-ए-गणेश तरी दुसरं काय आहे? थॉम्पसनमधून निवडून काड्यांवर वाढवलेलं वाण. आणि हरियाणात कर्नालला म्हशीचा क्लोन २००९ मध्येच झाला. पहिलं रेडकू काही दिवसांत गेलं, पण त्याच वर्षी गरिमा जन्मली. पुढे दुसरी गरिमा झाली आणि तिला २०१३ मध्ये स्वतःचं रेडकू झालं. तंत्र सुधारत जातं. टेस्ट ट्यूब बेबीलाही लोकांनी आधी नावंच ठेवली होती. एकाच बीजांडाची जुळी भावंडं तरी काय, निसर्गाने केलेले क्लोनच ना?

निवृत्त मास्तर, सांगली
कलम फसलं की तुम्ही काय करता? नांग्या भरता. मेलेली काडी बांधावर फेकता आणि दुसरी लावता. लेकराच्या बाबतीत नांगी भरता येते का, एवढंच सांगा. जुळ्यांचंही तसंच. ती दोघं एकदमच जगायला लागतात. क्लोनच्या पोराच्या आधी त्याचं शरीर कुणीतरी पन्नास वर्षं वापरून दाखवलेलं असतं: टक्कल कधी पडलं, साखर कधी लागली, सगळं. त्याला आपलं पान कोरं मिळतच नाही.

आई, वाई
मास्तर, तुम्ही मोठे आहात, पण हे पटलं नाही. आमचा मुलगा अपघातात गेला. त्यानंतर दुसरं मूल झालं असतं तर लोकांनी "तोच परत आला" म्हटलंच असतं. आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव ठेवतो, नाक-डोळे जुळवतो, चाल जुळवतो. अपेक्षांचं ओझं क्लोनमुळे येत नाही, ते आपल्या घरांत आधीपासून आहे. तोच मुलगा परत मिळणार नाही, हे मला कळतं. तरी सुरक्षित तंत्र आलं, तर मूल कसं व्हावं हे मी ठरवीन. साध्या मार्गाने मूल होणाऱ्या बाईला कुणी कारण विचारतं का?

परिचारिका, मिरज
ताई, तुमच्या दुःखापुढे बोलायला जीभ रेटत नाही. पण एवढी बीजांडं आणायची कुठून, हे कुणीच विचारलं नाही. कृत्रिम गर्भधारणेच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे बाईला आयुष्यात एकदाच बीजांडदान करता येतं आणि सातपेक्षा जास्त बीजांडं काढता येत नाहीत. २७७ ला सातने भागा. डॉलीच्या हिशेबाने एका मुलासाठी चाळीस बायका! रोज पोटात इंजेक्शनं घ्यायची, कधी अंडाशयं सुजतात, पोटात पाणी धरतं, मग भूल देऊन सुईने बीजांडं ओढायची. दक्षिण कोरियात शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांच्या प्रयोगांत दोन हजारांहून जास्त बीजांडं गेली, काही तर हाताखालच्या संशोधक मुलींची होती, आणि शेवटी माणसाच्या गर्भाचा क्लोन करून पेशी मिळवल्याचा दावाच बनावट निघाला. आपल्याकडे ही बीजांडं डॉक्टरांच्या घरातून येणार नाहीत. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, त्याच बायका आपल्या कारखान्यांच्या फडात येतात.

आणखी एक सांगते. पुरुषाच्या पेशीचा क्लोन म्हणजे मुलगाच. सोनोग्राफी नको, तपासणी नको, वंशाचा दिवा हमखास. इथून जवळच म्हैसाळला २०१७ मध्ये १९ भ्रूण पुरलेले सापडले. त्या तालुक्यात राहून मी या तंत्राला हो म्हणू शकत नाही.

डॉक्टर, कराड
बंदी घाला, पण सरसकट नको. उपचारासाठी क्लोन करून पेशी बनवणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यात गर्भ कुणाच्या पोटात ठेवत नाहीत. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी क्लोनविषयीच्या जाहीरनाम्याने दोन्हींना एकाच दावणीला बांधलं, म्हणून भारताने विरोधात मत दिलं. ते योग्यच होतं. २०१३ मध्ये अमेरिकेत क्लोन केलेल्या मानवी गर्भातून मूलपेशी, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, मिळाल्याही.

परिचारिका, मिरज
डॉक्टर, त्यालाही बीजांडंच लागतात. जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या साध्या पेशी मूलपेशींसारख्या करून दाखवल्या, एकाही बीजांडाविना. तो रस्ता असताना बायकांच्या अंगात सुया कशाला?

बागायतदार, तासगाव
चाळीस बायकांचा हिशेब बिनतोड आहे, ताई. पण कायद्याने थांबतं असं मला वाटत नाही. गर्भलिंग निदानाचा कायदा १९९४ चा आहे. म्हैसाळ त्यानंतर तेवीस वर्षांनी घडलं. बंदी घातली की धंदा बंद खोलीत जातो आणि दर वाढतो. त्यापेक्षा सरकारी देखरेखीत प्राण्यांवर काम होऊ द्या, धोका किती ते कळू द्या, मग ठरवा.

निवृत्त मास्तर, सांगली
प्राण्यांवर कोण नको म्हणतंय? बंदी माणसाचा गर्भ पोटात ठेवण्यावर मागतोय. आणि कायदा होता म्हणून म्हैसाळला गुन्हा तरी दाखल झाला. उद्या एखाद्या दवाखान्याने क्लोनचं मूल जन्माला घातलं, तर पोलीस ठाण्यात नेमकं कोणतं कलम लिहायचं, ते सांगा.