मदत हवी आहे: लेदर सोफ्यावरचा चिकटा कसा काढू? तातडीचं!

टुणटुणी: दोन दिवस सोफ्याची एक बाजू चिकचिकतेय. ओल्या फडक्याने पुसलं, भांड्यांच्या लिक्विडने पुसलं, उलट पसरलंच. शनिवारी सासूबाई चिपळूणहून येतायत आणि सोफा त्यांनीच घेऊन दिलाय. प्लीज लवकर सांगा.

गिरगावचा गण्या: काय सांडलंय? स्लाइम, फेविकॉल? लेदर खरं की रेक्झिन?

वरणभात: च्युइंगमवर पिशवीत बर्फ घालून धरा. कडक झालं की जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. अनुभवाचे बोल.

टुणटुणी: च्युइंगम कुठे म्हटलं मी? फणस! भाचा सोफ्यावर बसून खात होता. लेदर खरंच आहे, तेवढे पैसे मोजलेत.

गिरगावचा गण्या: अहो, हे आधी सांगायचं! चीक पाण्याने जन्मात जायचा नाही. विळीला लावतो तेच, खोबरेल.

मालवणी मसाला: कापा की बरका?

टुणटुणी: त्याने काय फरक पडतो??

चकाचक: नेलपॉलिश रिमूव्हर. एका मिनिटात साफ.

गिरगावचा गण्या: हो, सोफ्याचा रंगही साफ. ॲसिटोन लेदरला लावतात का!

वरळीची काकू: पावसाळ्यात लेदरला बुरशी लागते. पंख्याखाली ठेवत जा. माझी पर्स अशीच गेली.

वरणभात: काकू, बुरशीचं कोणी विचारलं नाहीये.

खुर्ची दुरुस्ती: थांबा, सरसकट तेल ओतू नका. आधी सोफ्याच्या मागे, न दिसणाऱ्या जागी पाण्याचा थेंब टाका. लेदरने पिऊन टाकला तर तेलाचाही कायमचा डाग पडेल, मग माणूसच बोलवा. थेंब तसाच वर राहिला तर कापसावर दोन थेंब खोबरेल, फक्त चिकावर, कडेकडून आत टिपत या. मग पिळलेल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर टाल्कम पावडर भुरभुरून ठेवा, उरलेलं तेल ओढून घेते. रेक्झिन असतं तर वेगळी गोष्ट. मुंबईच्या दमट हवेत त्याचं कोटिंग काही वर्षांनी आपोआपच चिकट होतं, त्याला औषध नाही.

वरणभात: बर्फानेही झालं असतं.

टुणटुणी: थेंब वरच राहिला. चीक निघाला!! सोफ्याला डोक्याच्या तेलाचा वास येतोय, पण चालेल. आणि हो, कापा होता.

मालवणी मसाला: आठळ्या टाकल्या नाहीत ना?