विंगरची कारकीर्द केवळ वेगावर उभी राहते का?

प्रश्न (पालक, सातारा): माझा पुतण्या शाहू स्टेडियमवर शंभर मीटर धावण्याचा सराव करतो आणि आता त्याला रग्बीत विंगर (मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू) व्हायचे आहे. निव्वळ वेगाच्या बळावर या खेळात व्यावसायिक कारकीर्द घडू शकते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (सांगलीकर): दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने २००७ च्या विश्वचषकात ८ ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणे) करून न्यूझीलंडच्या जोना लोमूच्या १९९९ मधील विक्रमाशी बरोबरी साधली आणि १२४ कसोटींत (आंतरराष्ट्रीय सामन्यांत) एकूण ६७ ट्राय नोंदवले. त्याची चित्त्याशी लागलेली शर्यत गाजली खरी; परंतु प्रतिस्पर्ध्याचा पास आधीच हेरून मध्येच चेंडू पळवण्याची त्याची जाण मला वेगाहून मोलाची वाटते.

उत्तर २ (क्रीडाशिक्षक, कराड): सहमत आहे. शिवाय उंच किक झेलणे आणि टॅकल करणे (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणे) विंगरलाही चुकत नाही, म्हणून पुतण्याला धावण्यासोबत कबड्डीही खेळू द्यावी. वेल्सचा वेगवान लुई रीस-झॅमिट २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉलकडे वळला, पण तेथे नियमित हंगामातील एकही सामना न खेळता २०२५ मध्ये रग्बीत परतला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आपल्याकडे संधी कोठे आहे?

उत्तर १: सध्या तरी सात खेळाडूंच्या प्रकारात. २०२५ मध्ये मुंबईत झालेली रग्बी प्रीमियर लीग त्याच प्रकाराची होती आणि मोकळ्या मैदानामुळे धावपटूला तेथे अधिक वाव मिळतो.