पडलेल्या आंब्याचे वाडगे का तडकतात

वळवाच्या वाऱ्यात पडलेल्या आंब्याच्या झाडाच्या लाकडाचे वाडगे लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, काढले आणि आठवड्यातच तडकले, असं तुम्ही लिहिलंय. त्यात लाकडाचा दोष नाही. आंबा कातायला फार गुणी आहे, त्याला सोडू नका.

ओंडका अखंड असताना वाडगा काढला तर खोडाचा मधोमधचा बिंदू बुडात राहतो. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या, म्हणजे खोडातल्या गोल रेषांच्या, दिशेनं जितकं आकसतं ते मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट असतं, त्यामुळे त्या बिंदूपासून भेग जाणारच. म्हणून ओंडका आधी उभा चिरा, मधला भाग काढून टाका आणि दोन अर्ध्यांतून वाडगे काढा. झाड पडलं त्याच दिवशी कापलेल्या टोकांना मेण किंवा जाड रंग फासा, कारण ओल टोकांतूनच झपाट्यानं जाते.

ओलं असताना जाडच काता. 10 इंची वाडग्याला काठ 1 इंच ठेवा. मग त्याच्याच ढलप्यांसह कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा. साताऱ्याचा पावसाळा यासाठी उत्तम. मार्च-एप्रिलचा कोरडा वारा मात्र घातक. दर आठवड्याला वजन करा. ते घटायचं थांबलं की दुसऱ्यांदा लेथवर चढवून पातळ करा.

शेवटी कच्चं जवसाचं तेल लावा. शेंगतेल वाळत नाही, खवट होतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल खाण्याच्या भांड्याला अजिबात नको, त्यात धातूचे क्षार असू शकतात.

आणि झाड रस्त्याकडेचं असेल तर चिरण्याआधी खिळे तपासा. पाट्या ठोकून ठोकून आत बुजलेले असतात.