टायरला माती नाही म्हणून छंद नाही?

उलटा स्क्रू
काल फुल थ्रॉटल यांनी दुसऱ्याच एका चर्चेत जाता जाता लिहिलं की ज्यांच्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीच्या टायरला महिनोन्महिने माती लागत नाही, त्यांनी हा आपला छंद आहे असं सांगू नये, गाडी विकून टाकावी, म्हणजे ती चालवणाऱ्याच्या हाती तरी लागेल. त्याखाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रीघ. वाचल्यापासून डोक्यात गेलंय, म्हणून हा वेगळा धागा.

मी गाडी चालवतो त्याच्या कितीतरी पट वेळ तिचा विचार करतो. प्रवासात, रांगेत, रात्री दिवा घालवल्यावर. पण 'आपली गाडी सुसाट सुटली आणि सगळे बघत राहिले' अशी ती स्वप्नं नसतात. मी मनातल्या मनात माझ्या टीटी-०२ गाडीचा पुढचा डिफ, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा भाग, उघडतो. त्यात जाड ग्रीस भरलं तर वळणातून बाहेर पडताना गाडी छान ओढेल, पण वळणात शिरताना नाक आत घ्यायला कुरकुरेल. पिनियनला, म्हणजे मोटरवरच्या छोट्या दातेरी चाकाला, दोन दात वाढवले तर सरळ पट्ट्यात वेग मिळेल, पण मोटर किती तापेल? यात माझा तास सहज जातो, आणि तो तास छंदातच गेला असं मी मानतो.

टामिया या जपानी कंपनीची हॉर्नेट ही आरसी गाडी १९८४ साली आली. ज्या पोरांना ती तेव्हा मिळाली नाही त्यांनी कॅटलॉगमधलं तिचं पान झिजेपर्यंत पाहिलं. कंपनीने २००४ मध्ये तीच गाडी परत काढली, तेव्हा ती घ्यायला हीच पोरं मोठी होऊन पुढे आली. मधली वीस वर्षं त्यांच्याकडे गाडी नव्हती. छंदही नव्हता म्हणायचं का?

फुल थ्रॉटल
माझं नाव घेतलंच आहे तर सविस्तर उत्तर देतो. हो, छंद नव्हता. हौस होती, इच्छा होती. पोहण्याबद्दल वाचणाऱ्याला आपण पोहणारा म्हणत नाही.

डिफचं ग्रीस मनात भरता येतं, मान्य. पण गाडी तुमच्याकडे तोंड करून येते तेव्हा स्टिअरिंगचं डावं-उजवं उलटं होतं. हे वाचून सगळ्यांना माहीत असतं, तरी पहिल्यांदा प्रत्येक जण कठड्यावर आपटतो. उडीवर गाडी हवेत असताना थ्रॉटल दिला तर नाक वर येतं, ब्रेक मारला तर खाली जातं. हे बोटाला कळावं लागतं, कारण विचार करेपर्यंत गाडी जमिनीवर आलेली असते. स्वप्नात तुमची गाडी कधी उलटी पडली आहे का? पडत नाही. म्हणून ते सोपं वाटतं.

आणि राग का येतो तेही सांगतो. आमच्या ट्रॅकवर हजेरी रोडावत चालली आहे. ज्यांच्या कपाटात चार-चार गाड्या आहेत ते येत नाहीत, आणि भेटले की नवीन चेसिसवर तासभर बोलतात. ट्रॅक बंद पडला की हेच लोक हळहळणार.

जुना चेसिस
फुल थ्रॉटल यांच्याशी सहमत. याला अभ्यासाचाही आधार आहे. कॅप्स आणि ओटिंगेन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट मिळालीच आहे अशी गोड कल्पना केली की अंगातला जोर उतरतो. त्यांनी लोकांचा रक्तदाबही मोजला होता. मेंदूला वाटतं काम झालं, माणूस उठतच नाही. माझ्या धाकट्या भावाचं हेच झालंय. बॉडी शेल, म्हणजे गाडीचं वरचं पारदर्शक प्लास्टिकचं कवच, आणून ठेवलाय, रंग ठरलाय, स्टिकर कुठे लावायचे तेही ठरलंय. विचारलं की डोळे चमकतात. शेल अजून पारदर्शकच आहे.

उलटा स्क्रू
त्याच ओटिंगेनबाईंचा पुढचा भाग तुम्ही गाळलात. इच्छेबरोबर तिच्या आड येणारी अडचणही डोळ्यांसमोर आणली तर माणूस कामाला लागतो, असं त्या सांगतात. माझ्या डोक्यात गाडीपेक्षा अडचणीच जास्त असतात. चाकं वळवणाऱ्या सर्व्हो मोटरचा हॉर्न, म्हणजे तिचा छोटा दांडा, अमुक कोनात बसला तर लिंक बंपरला घासेल का, हे मी आठवडाभर घोळवतो. आणि मनातल्या सरावाने हातातलं कौशल्य सुधारतं, हे अनेक प्रयोग एकत्र तपासून १९९४ मध्येच मांडलं गेलंय.

फुल थ्रॉटल
त्याच तपासणीत हेही आहे की प्रत्यक्ष सरावापेक्षा तो फायदा कमी असतो आणि दिवस जातात तसा ओसरतो. म्हणजे स्वप्नानंतर लवकर मैदानावर यावंच लागतं. काही उपयोग होतो एवढं मी मान्य करतो, पण त्यापुढे एक पाऊलही सरकणार नाही.

निकेलकाका
तुम्ही सगळे मनाचे खेळ बोलताय. लोक गाडी बाहेर का काढत नाहीत याचं खरं कारण कोणीच सांगेना. कारण लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी!

आमच्या वेळी निकेलच्या सेलचा बॅटरी पॅक भरून कपाटात ठेवायचा. लहर आली की गाडी उचलायची आणि निघायचं. आता लिपो भरून ठेवायची नाही, ठेवली तर फुगते. सेलमागे ३.८ व्होल्टवर निजवून ठेवायची. म्हणजे संध्याकाळी लहर आली की आधी चार्जर काढा, सगळे सेल सारखे भरायला बॅलन्सची पांढरी पिन लावा, सेल मोजा, बॅटरी भरेपर्यंत शेजारी बसून राहा. तोवर उजेडही जातो आणि लहरही. मग माणूस खुर्चीत बसून स्वप्नं नाही बघणार तर काय करणार?

तीन सेल
काका, हे तुम्ही प्रत्येक चर्चेत आणता. स्टोरेजला ठेवलेली २एस, म्हणजे दोन सेलची बॅटरी ७.६ व्होल्टवर असते, ८.४ला न्यायची. १सी, म्हणजे रिकामी बॅटरी साधारण तासात भरेल अशा दराने सुरू केली तरी तासाच्या आत होते. तेवढ्यात टायर तपासा, स्क्रू आवळा. आणि तुमचा निकेल पॅक कपाटात बसल्या बसल्या आपोआप उतरतो, ते का नाही सांगत? थ्रॉटल दाबला की व्होल्टेज खाली बसतं, शेवटची पाच मिनिटं गाडी रांगते. वजन जास्त ते वेगळंच.

निकेलकाका
उतरतो, पण मरत नाही! पुन्हा भरला की चालतो. तुमची लिपो एकदा सेलमागे ३ व्होल्टच्या खाली गेली की संपली. जुन्या गाड्यांच्या स्पीड कंट्रोलरला, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या भागाला, व्होल्टेज फार उतरलं की वीज तोडणारा कट-ऑफच नाही. कंपनीने पुन्हा काढलेल्या जुन्या गाड्यांत पोरं सरळ लिपो घालतात, गाडी मंदावेपर्यंत पळवतात आणि मग 'बॅटरी फुगली, काय करू' म्हणून विचारत येतात.

तीन सेल
मग दोष बॅटरीचा की न वाचता घालणाऱ्याचा? कट-ऑफ नसेल तर बॅलन्स पिनेला लावायचा छोटा अलार्म मिळतो, वाजला की थांबायचं.

दगडगोटे
वाद नको, पण लिपोला हलक्यात घेऊ नका. माझ्या मेव्हण्याने चार्जर निकेलच्या प्रोग्रामवर असतानाच लिपो लावली आणि आत जेवायला गेला. निकेलचा प्रोग्राम बॅटरी भरली हे व्होल्टेजच्या बारीकशा घसरणीवरून ओळखतो. लिपोत ती घसरण येतच नाही, चार्जर रेटत राहतो. आधी पॅक उशीसारखा फुगला, मग एका कडेने फाटला, आणि पांढरा धूर असा आला की दार सापडेना. टेबल फरशीचं होतं म्हणून वाचले. भिंतीवरचा काळा डाग दोनदा रंग देऊनही वर येतो. त्यानंतर त्याने सगळं विकलं. फुल थ्रॉटल, तुमच्या सल्ल्यानुसारच म्हणा.

निकेलकाका
घ्या! मी काय वेगळं सांगत होतो?

तीन सेल
काका, यात आनंद मानण्यासारखं काय आहे? एका माणसाचं घर जळता जळता राहिलं. त्याने प्रोग्राम चुकीचा लावला आणि चार्जिंग सोडून उठला, या दोन्ही गोष्टी करू नका असं प्रत्येक पॅकवर छापलेलं असतं. तुमच्या या घाबरवण्याने नवीन माणूस निकेल घेतो, गाडी मंद वाटते, आणि महिन्याभरात तो छंदच सोडतो. अशी पोरं मी पाहिली आहेत.

निकेलकाका
मी घाबरवतो? मी कित्येकांना स्वतःचे पॅक देऊन गाडी शिकवली आहे. तुम्ही कोणाला शिकवलंत ते सांगा आधी.

उलटा स्क्रू
दोघांनी बॅटरीसाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो. मूळ प्रश्न बाजूला पडला.

निकेलकाका
बाजूला नाही पडला. गाडी हाताशी तयार असेल तर माणूस चालवतो, नसेल तर स्वप्न बघतो. हाच तुमच्या प्रश्नाचा जीव आहे.

पिशवी क
इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझ्याकडे एक किट आहे, अर्धं जोडलेलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, रात्री दोनदा उठावं लागतं. सलग दोन तास ही गोष्ट माझ्या आयुष्यात सध्या नाही. किटमधल्या स्क्रूच्या पिशव्या टप्प्याटप्प्याच्या असतात, त्यातल्या तिसऱ्या पिशवीवर मी अडकले आहे.

पण त्यांच्या उशाशी बसून मी पुढचं पान डोक्यात जोडते. प्लास्टिकमधला स्क्रू पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात 'टक्' करून उतरला की मगच सरळ, नाहीतर आटे मरतात. ते 'टक्' बोटाला आठवतं. शेल आतून रंगवायचा आहे, म्हणजे बाहेरून जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी मारायचं आणि पांढरा शेवटी, मागून आधाराला. हा क्रम मी इतक्यांदा घोकला आहे की डबा हातात आला तर चुकणार नाही. शेवटी बाहेरची पातळ फिल्म कोपऱ्यातून नखाने उचलून सोलायची आणि खालून लखलखीत रंग निघणार, एवढ्यासाठी मी थांबले आहे.

फुल थ्रॉटल, मी हे विकू का? सरळ विचारते.

फुल थ्रॉटल
ताई, नाही. तुमच्याबद्दल ते वाक्य नव्हतं. ज्यांना वेळ आहे, पैसा आहे, मैदान जवळ आहे आणि तरी पाचवी गाडी घेतात, त्यांच्याबद्दल होतं.

उलटा स्क्रू
तसं तुम्ही लिहिलं नव्हतं. सरसकट लिहिलं होतं. कोणाच्या घरी काय चाललंय हे टायरवरच्या मातीवरून कळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

फुल थ्रॉटल
बरं, सरसकट होतं. 'विकून टाका' हे मागे घेतो. पण ट्रॅकबद्दल बोललो त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. उलटा स्क्रू, तुम्हाला अंथरुणाला खिळलेलं कोणी नाही. तुमचा तो डिफ तुम्ही खरोखर उघडून जाड ग्रीस भरलंत का? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

दगडगोटे
मधलीही एक वाट आहे. मी वेगाच्या गाड्या सोडून क्रॉलर, म्हणजे दगडांवर हळू चढणारी गाडी, घेतला. चालण्याच्या वेगाने जातो, चार दगड आणि एक ओंडका पुरतो, ट्रॅक लागत नाही. एका दगडावर पुढचं चाक कुठे ठेवायचं यात दहा मिनिटं जातात. मनात आखलेली वाट लगेच दगडावर करून बघता येते आणि ती सहसा चुकते. त्यानंतर माझी स्वप्नं कमी झाली नाहीत, पण बदलली. आता त्यात नेमके माझेच दगड असतात.

फुल थ्रॉटल
क्रॉलर म्हणजे रेसिंग नव्हे. पण हे पटलं.

जुना चेसिस
मला मात्र अजून पटलेलं नाही. भाऊ अठ्ठेचाळीस तास रिकामा असला तरी रंगाचा डबा उघडत नाही. सगळ्यांनाच अडचणी नसतात, काहींना तयार गाडीची भीती वाटते. रंगवली की ओरखडा पडणार, डोक्यातली गाडी मात्र कायम कोरी. तुम्ही तिला छंद म्हटलंत की त्याला आणखी एक सबब मिळते.

उलटा स्क्रू
ओरखड्याची भीती असते, हे खरं आहे. त्याला दुसरा, स्वस्तातला शेल आणून द्या आणि सांगा की हा खराब करायचा आहे. पण तो छंदी नाही असं त्याला सांगू नका. तेवढं ऐकलं की तो डबा कायमचा बंद करेल.

आणि फुल थ्रॉटल, डिफ उघडलेला नाही. रविवारी उघडतो. वळणात शिरताना नाक खरंच कुरकुरतं का ते तुमच्याच ट्रॅकवर पाहू. तुम्ही घड्याळ धरा.

फुल थ्रॉटल
या. टायर स्वच्छ आणा.

पिशवी क
एक शेवटचं विचारते. किट जोडून झाल्यावर बॅटरी कोणती घेऊ? मला जेमतेम वीस मिनिटं मिळतील, तीही कधी ते आधी कळणार नाही.

निकेलकाका
निकेल. भरून ठेवा, महिन्यातून एकदा पुन्हा चार्जरला लावा, वेळ मिळाला की उचला.

तीन सेल
हे लिहायला जड जातंय, पण ताईंच्या बाबतीत काका बरोबर आहेत. निकेलच घ्या, आपोआप कमी उतरणारे सेल मिळतात त्यातला. फक्त त्याच्याबरोबर येणारा पांढरा प्लास्टिकचा कनेक्टर बदलून घ्या, मोठी मोटर लावली की तो तापून वितळतो.

निकेलकाका
साध्या मोटरला काही होत नाही त्या कनेक्टरला. माझे सगळे तसेच आहेत.

तीन सेल
काका, फोटो टाका, बघू किती पिवळे पडलेत.