मदत हवी आहे: अमेरिकेत पायलट ट्रेनिंगसाठी एम-१ व्हिसा की एफ-१?

नमस्कार मंडळी,

भाच्यासाठी विचारतोय. मुलगा कोल्हापूरचा, बारावी सायन्स, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. डीजीसीएचं (आपल्याकडे पायलट लायसन्स देणारं सरकारी खातं) क्लास-२ मेडिकल झालंय, परीक्षेसाठीचा कॉम्प्युटर नंबर आलाय, मेट (हवामान) आणि रेग्युलेशनचे पेपर निघालेत, नॅव्हिगेशन राहिलंय. कमर्शियल लायसन्सचं फ्लाइंग अमेरिकेत करायचं आणि परत येऊन लायसन्स इकडे कन्व्हर्ट करायचं, असा बेत आहे. तिकडे नोकरीचा विचार नाही. निदान आज तरी नाही.

दोन शाळांचे आय-२० (शाळेने दिलेला, व्हिसाला लागणारा प्रवेशाचा फॉर्म) हातात आहेत. फ्लोरिडातली शाळा एम-१ देतेय, म्हणजे व्होकेशनल, व्यावसायिक प्रशिक्षणाचा व्हिसा. ॲरिझोनातली शाळा एका कॉलेजशी जोडलेली आहे, तिचा एफ-१, म्हणजे नेहमीचा विद्यार्थी व्हिसा. कोर्स लांब आणि पैसेही बरेच जास्त. एजंट एफ-१ साठी हटून बसलाय. त्याला कमिशन कुठे जास्त मिळतं हे कळायला ज्योतिषी नको. दुसऱ्या एकाने तर कहरच केला: "बी-१/बी-२ वर, म्हणजे व्हिजिटर व्हिसावर जाऊ द्या, तिथे गेल्यावर बदलून घेऊ." त्याला तिथूनच रामराम केला.

वाचून एवढं कळलंय की एम-१ वर एका वेळी जास्तीत जास्त वर्षभर राहता येतं, पुढे मुदत वाढवून मागावी लागते आणि सगळं मिळून तीन वर्षांची मर्यादा आहे. पहिल्या सहा महिन्यांनंतर शाळा बदलणं जवळपास अशक्य. तिथे राहून एम-१ चा एफ-१ करता येत नाही. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) फी ३५० डॉलर, व्हिसाची १८५, दोन्हीकडे सारखीच.

अडलंय ते इथे:

परतच यायचं असेल तर एफ-१ चे जास्तीचे पैसे का मोजायचे? आणि पैसे किती दाखवायचे? मेहुण्यांनी कर्जासाठी अर्ज केलाय, घर तारण आहे, बँक हप्त्याहप्त्याने पैसे सोडणार. ते चालतं का? शिवाय टीएसएची (तिकडचं वाहतूक-सुरक्षा खातं) फ्लाइंग शिकायची परवानगी व्हिसाच्या आधी काढायची की नंतर, यावर दोन्ही शाळांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

प्रतिसाद

मी एम-१ वरच शिकून आलोय, म्हणून लिहितो.

एफ-१ चा खरा फायदा कोर्स संपल्यावर. ओपीटीवर (शिक्षणानंतर तिथे काम करायची मुभा) १२ महिन्यांपर्यंत काम करता येतं, मुलं त्यात इन्स्ट्रक्टर होऊन उड्डाणाचे तास वाढवतात. एम-१ वर दर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, तोही जास्तीत जास्त सहा महिने, आणि फक्त कोर्स पूर्ण झाल्यावर. डीजीसीएला २०० तास लागतात, ते ट्रेनिंगमध्येच होतात. मग त्या ओपीटीसाठी एवढा खर्च कशाला? मी तरी केला नसता.

पैशांचं मात्र नीट बघा. एफ-१ ला पहिल्या वर्षाचे पैसे तयार आहेत आणि पुढची सोय आहे, एवढं पटवलं तरी भागतं. एम-१ ला अख्ख्या कोर्सचा खर्च, राहणं-खाणं धरून, आधीच उभा आहे हे दाखवावं लागतं. बँकेने हप्त्याने सोडले तरी हरकत नाही, पण सँक्शन लेटर पूर्ण रकमेचं हवं आणि ती रक्कम आय-२० वरच्या खर्चाच्या आकड्याला पुरायला हवी. सातबारा घेऊन जाऊ नका, शेत काही लगेच विकलं जात नाही.

टीएसए वेगळं खातं, व्हिसा वेगळा. व्हिसा मिळाला म्हणजे उडायची परवानगी मिळाली असं नाही. मुलाने टीएसएच्या पोर्टलवर अर्ज करायचा, शाळा ट्रेनिंगची नोंद करते, बोटांचे ठसे, फी, मग मंजुरी. ती येईपर्यंत ट्रेनिंग सुरू करता येत नाही. २०२४ च्या नियमांनंतर मंजुरी पाच वर्षांपर्यंत चालते. आधी प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट, मल्टी-इंजिन प्रत्येकाला वेगळी घ्यावी लागायची. शाळेला एवढंच विचारा की ठसे कुठे द्यायचे.

आणि आय-२० वरची शेवटची तारीख बघाच. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपार झाली की गडगडाट सुरू होतो, सोलो, म्हणजे एकट्याने उडणाऱ्या मुलांची फ्लाइट पहिली रद्द होते. वर इन्स्ट्रक्टर एअरलाइनला लागला की दुसरा मिळेपर्यंत बसून राहा. शाळा ब्रोशरमध्ये जो कालावधी छापते त्यात हे काहीच धरलेलं नसतं. तारीख कमी वाटली तर आत्ताच वाढवून घ्या. तिकडे गेल्यावर आय-५३९ (मुदतवाढीचा फॉर्म) भरायचा म्हणजे फीही जाते आणि झोपही.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. फक्त एक भर: नॅव्हिगेशनचा पेपर इथेच काढून जा. आणि इंटरव्ह्यूत "अमेरिकाच का?" हे विचारतातच. तेव्हा एजंटने पाठ करून दिलेलं भाषण नको. निघालेले पेपर आणि परत येऊन कन्व्हर्जन, एवढं त्याने स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत सांगितलं तरी पुरे. २१४(बी) लागला, म्हणजे परत येणार हे न पटल्याने व्हिसा नाकारला, की कारण विचारत बसण्यात अर्थ नसतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. फ्लोरिडाच्या शाळेला आजच मेल केला, आय-२० वरची तारीख वाढवून मागितली आहे. सँक्शन लेटरवर फक्त ट्यूशनची रक्कम आलीय, राहण्याचा खर्च नाही. उरलेल्यासाठी मेहुण्यांची एफडी दाखवली तर चालेल, की बँकेकडून लेटरच दुरुस्त करून घ्यावं? अलीकडे मुंबईत इंटरव्ह्यू दिलेलं कोणी असेल तर कृपया लिहा.