शब्दचर्चा: बोंडअळीले 'सवय पडली' म्हनावं का?

नमस्कार मंडळी. आमच्या गावात सगळे असंच म्हनते का कपाशीच्या गुलाबी बोंडअळीले बीटीची, म्हंजे अळी मारनारं विष झाडातच तयार होते त्या बियाण्याची, सवय पडली. पोराच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मंदी पयलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हाय, त्यात नैसर्गिक निवड आली. तो विचारते का बाबा, निवड करते कोन? आन 'सवय' म्हटलं तं चुकते कुठं?

— दादा, सवय एका जिवाले पडते, बैलाले वावराच्या रस्त्याची पडते तशी. बोंडातल्या अळीनं बीटीचं विष खाल्लं का ती मरते, सवय पडाले जित्ती रायतेच कुठं. पन लाखो अळ्यायत एखादी आधीपासूनच वेगळी असते, जनुकातच फरक, तिच्यावर ते विष चालत नाई. बाकीच्या मेल्या, हे वाचली, तिचा पतंग झाला, अंडे घातले, आन दर पिढीले तसल्याच वाढत गेल्या. एकही अळी काही शिकली नाई, सारी जमात बदलली. 2002 ले बीटी आलं, 2006 ले विषाचे दोन जनुकं असलेलं बीटी आलं, आन 2017 ले आपन विदर्भात किडके बोंडं फोडून पायले.

— सर, मंग 'निवड' तरी बरोबर हाय का? आपन बियाण्यासाठी चांगली कनसं बाजूले काढतो, ते निवड. निसर्गात तं कोनी निवडत नाई.

— ताई, शब्द तिथूनच आला. डार्विननं 1859 च्या पुस्तकात आधी कबुतरं पाळनारे, जनावरं पैदास करनारे कसे निवडते ते सांगितलं, मंग म्हटलं का निसर्गात हेच होते, फक्त निवडनारा नसते. म्हनून पोराले 'आपोआप झालेली निवड' असं सांगा. 'बळी तो कान पिळी' मात्र सांगू नका, बिगर बीटीच्या पराटीवर (कपाशीवर) त्या अळीले त्या फरकाचा काहीच फायदा नाई.

— मले वाटते हे नुसतं शब्दाचं भांडन नाई. बीटीच्या थैलीसंगं 120 ग्रामचं बिगर बीटीचं पाकीट यायचं, रेफ्युजीचं, अन् कितीक लोकायनं ते लावलंच नाई, काऊन का 'सवय' डोक्यात असली का मुद्दाम अळ्या पोसनं येडेपना वाटते. खरं कारन हे का त्या झाडावर साध्या अळ्या जगल्या पायजे, त्यायचे पतंग वाचलेल्यायच्या पतंगासंगं जुळले का पिल्लायत फरक माय-बापापैकी एकाच बाजूनं येते, अन् असे पिल्लं बहुतेक बीटी खाऊन मरते. फरदड ठेवली, म्हंजे वेचनी झाल्यावरही तीच पराटी पुढं चालू ठेवली, तं उलटं, अळीले आनखी पिढ्या भेटते.

— 'प्रतिकारशक्ती वाढली' म्हटलं तं?

— तेही एका शरीराचं वाटते, लस घेतल्यावानी. मी तं 'वाचलेल्यायची पैदास वाढली' म्हनतो, अन् फवारनीलेही तेच लागू हाय, एकच औषध पाठोपाठ मारलं का तेच होते.